अक्का, ते चामडंच होतं

अक्का,

तुझ्या बाराव्याच्या दिवशी सकाळी, घरात पंचवीस माणसं असताना, आडावरचा पंप बंद पडला. दांडा वर-खाली होतोय, आतून नुसती हवा, पाण्याचा थेंब नाही. निलंग्याची मावशी घागर घेऊन उभी, चुलीवर आधण ठेवायचं खोळंबलेलं, अर्ध्या लोकांच्या आंघोळी व्हायच्या होत्या. जो येईल तो दांडा दणादण हाणून बघत होता. तू असतीस तर एका वाक्यात सगळ्यांना बाजूला केलं असतंस. "सरका तिकडं, लोखंडाला मार लागत न्हाई, तुमचेच हात दुखतील." मी तिथं उभा राहून हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं आणि मला एकदम रडू फुटलं. पाव्हण्यांना वाटलं, पंपानं ऐनवेळी दगा दिला म्हणून रडतोय. वाटू दे.

आज त्याला चार दिवस झाले. पाव्हणे गेले, घर रिकामं झालं, आणि मी तुला लिहायला बसलोय. दिवसभर तहसिलीत उर्दूत कागद खरडणारा माणूस मी, मराठीत एवढं लांब लिहायची सवय राहिलेली नाही. तुला तर कधीच लिहिलं नाही, तू समोरच असायचीस. आणि लिहिलं असतं तरी तू म्हणाली असतीस, "हे कोंबडीचे पाय कुणी वाचायचे रे दत्तू?" पोथीचं मोठं अक्षर तुला लागायचं, माझं लागायचं नाही. तरी लिहितो. जे सांगायचं आहे ते ह्या घरात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तुझ्या खांद्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आडाच्या ओल्या फरशीवरून पाय घसरून तू पडलीस आणि उजवा खांदा निखळला. वैद्यबुवांनी तो बसवला, पण हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. "आता पाणी शेंदायचं नाही," असं त्यांनी माझ्यादेखत तुला बजावलं. तू हाव हाव म्हणालीस आणि तिसऱ्या दिवशी दोर हातात घेतलास. माझी बायको सुशीला बिचारी आडाकडं धावायची, तर तू तिच्या हातातून दोर हिसकून घ्यायचीस. "मी मेल्यावर शेंद. अजून जिती हाय." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू सोळा वर्षांची, कपाळ पुसून माहेरी परत आलेली. तेव्हापासून ह्या घराचं पाणी तूच काढलंस. ते कुणाला सुखासुखी कशी देशील?

म्हणून पंप. हा पंप औशात आला तीच एक गंमत. सोलापूरहून मागवलेला, तो करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अडकला. नाक्यावरच्या मुन्शीनं जी उर्दू पावती पाठवली तिच्यात लिहिलं होतं, 'एक अदद बंबा'. मी ती सकाळी तुला मोठ्यानं वाचून दाखवली आणि कचेरीत निघून गेलो. बंबा म्हणजे पंप, हे आम्हा उर्दू शिकलेल्यांना ठाऊक. तुझ्या कानाला मात्र तो न्हाणीतला, तांब्याचा, पाणी तापवायचा बंब. संध्याकाळी येऊन बघतो तर न्हाणीचा कोपरा सारवलेला, बाजूला बाभळीच्या ढलप्या आणि गोवऱ्यांचे तुकडे व्यवस्थित रचलेले, आणि तू सुशीलेला सांगतेयस, "खांद्याला कढत पाणी लागतं माझ्या. मी काही बोलले न्हाई, पण दत्तूनं बरोबर ओळखलं." दोन दिवसांनी बैलगाडीतून लोखंडी नळ आणि दांडा उतरला. तू वाकून नळात डोकावलीस. "विस्तू कुठं घालायचा रे ह्याच्यात?"

आठ दिवस आपण हसत होतो. तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस आणि तूच पदर तोंडाला लावून हसायचीस. मीही ती गोष्ट कचेरीत दहादा सांगितली. तुला कढत पाणी हवं होतं एवढी एकच गोष्ट त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात राहिली नाही. बंब मी पुढं आणतो आणतो म्हणत राहिलो. तू पुन्हा विचारलं नाहीस.

पंप बसवायला लातूरहून दस्तगीर मिस्त्री आला. कापसाच्या गिरणीतली इंजिनं दुरुस्त करणारा, कामाचा मोठा अभिमान असलेला माणूस. त्याला कोण कौतुक, की एवढी वयस्क बाई नळाजवळ उभी राहून सगळं बारकाईनं विचारतेय. म्हणून त्यानं आतला दट्ट्या काढून तुझ्यापुढं धरला. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा एक वायसर होता. "ये देखो अक्का, पूरा खेल इस चमडेका है. येइच पानीकू उप्पर खींचता."

तू दोन पावलं मागं झालीस. "चामडं हाय ते?"

"हौ. एकदम पक्का."

"मग घेऊन जा," तू म्हणालीस आणि आत गेलीस.

पुढचे आठ दिवस आपण भांडलो. तसे आपण दोघंही भांडायला कमी नव्हतो, पण त्या आठवड्यात सुशीलेनं दोन वेळा आपल्याला जेवायला वेगवेगळं बसवलं. मी म्हटलं, शेतावर मोट चालते, ती कशाची असते? त्या पाण्यावर पिकलेलं तुला चालतं. तू म्हणालीस, ते पाणी पिकाला, देवाला न्हाई. मी म्हटलं, देवळात भजनाला मृदंग वाजतो, त्याला काय कागद लावलेला असतो? तू ताक घुसळत होतीस. रवी थांबवलीसुद्धा नाहीस. "मृदंग मी कानानं घेते. तोंडानं न्हाई."

मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही, कारण हसलो असतो तर हरलो असतो. मग मी ते बोललो जे बोलायला नको होतं, किंवा वेगळ्या तऱ्हेनं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चामड्याचा विटाळ वगैरे काही नसतो, तो ते कमावणाऱ्या माणसाचा विटाळ असतो, आणि देव तो मानत असेल तर तसला देव मला नको. तू रवी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "असेल. मी वाईट असेन. पण सोळाव्या वर्षापासून एवढंच एक माझं म्हणून हाय. ते पण तू काढून घेणार का?"

माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि तुझ्या तोंडावर ते फेकलं ह्याची लाज आजही वाटते. हे भांडण आपलं तसंच राहिलं अक्का. मला ते पुरं करायचं होतं. जिंकायचं नव्हतं, नुसतं पुरं करायचं होतं.

वाट मिस्त्रीनंच काढली. एका जुन्या लॉरीच्या ट्यूबमधून त्यानं रबराचा वायसर कापून आणला. तू तो चिमटीत धरून उलटासुलटा केलास, वास घेतलास. "हे कशाचं होतं?" मी सांगितलं, झाडाला चीर देतात, चीक गळतो, तो वाळवतात. "म्हणजे वडाच्या चिकासारखं?" मी म्हटलं, तसंच. तू पूर्ण एक दिवस विचार केलास. कुणा शास्त्रीबुवांना विचारलं नाहीस, पंचांग उघडलं नाहीस, स्वतःच निवाडा केलास. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलंस, "चीक हाय तर चालेल." आणि सुशीलेकडून पंपाला हळदकुंकू लावून घेतलंस. मिस्त्रीनं हात लावला म्हणून पहिलं चाळीस दांडे पाणी सोडून दिलंस, ते वेगळं. आणि त्याच मिस्त्रीला आल्याचा चहा दिलास, वेगळ्या कपातून, तेही वेगळं. तू अशीच होतीस. तुझं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे मला कधी नीट कळलं नाही.

ते वर्ष चांगलं गेलं. डाव्या हातानं तू दांडा मारायचीस आणि पुटपुटत मोजायचीस. एका घागरीला बावीस दांडे. शेजारच्या काकू बघायला आल्या तर त्यांना एक घागर भरून दाखवायचीस, जसं काही पंप तूच घडवलाय. मी हौदाशी दात घासत बसलेला असायचो. तुझ्या चेहऱ्यावर दुखणं नसायचं. एवढ्यासाठीच तर मी तो आणला होता.

मग रबर फाटलं. नवं रबर मिळेना. लढाई जोरात होती, रबर सगळं फौजेला. लातुरात विचारलं, सोलापूरला पत्र टाकलं, लॉरीवाल्यांच्या मिनतवाऱ्या केल्या. दस्तगीर म्हणाला, "रबर का नामच नक्को लेओ साब. चमडा है मेरे पास. बोलो तो डालतूँ." मी नाही म्हटलं. आडावरच्या फळ्यांना एक झडप होती, आड उपसायला ठेवलेली. तू ती उघडलीस आणि पुन्हा दोर-पोहरा सोडलास. आठ दिवस मी बघत होतो. नवव्या दिवशी, तुला वाटलं कुणी नाही, तू भरलेला पोहरा कठड्यावर टेकवलास आणि खांबाला कपाळ लावून उभी राहिलीस. उजवा हात डाव्या हातात धरलेला, ओठ दाबलेले. एक आवाज नाही.

मी मिस्त्रीला निरोप धाडला. तू दुपारी पुराणाला देवळात गेलेली असताना त्यानं चामड्याचा वायसर बसवला. तू आलीस, दांडा मारून बघितलास, पाणी धो धो आलं.

"रबर मिळालं व्हय?"

"मिळालं," मी म्हटलं.

"रबराचंच हाय ना?"

"रबराचंच."

एवढंच. दोन शब्द. कचेरीत मी रोज हलफनामे लिहून घेतो, खोटी शपथ घेणारा माणूस मला लांबून कळतो. माझं स्वतःचं मात्र मला इतकं सोपं गेलं. मी मनाशी ठरवलं होतं की लढाई संपली, रबर आलं, की गुपचूप बदलून टाकू आणि विषय संपेल. तुझा खांदा वाचला, तुझा नेम तुझ्या मनात शाबूत राहिला, कुणाचं काय बिघडलं? मला तर आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं. लढाई संपलीसुद्धा. सोलापुरात रबर मिळायला लागलं हे दस्तगीरनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं. मी म्हटलं, बघू फुरसत झाली की, पंप चालतोय तर कशाला उघडायचा. मला फुरसत झाली नाही.

आता बाराव्याचं सांगतो. दस्तगीरला बोलावणं गेलं, तो सायकलीवर लातूरहून आला. आधी तुझ्या खोलीच्या दिशेनं हात जोडले, मग फळ्या काढल्या. पाव्हणे भोवती गोळा झाले, रिकामटेकड्यांना बघायला काहीतरी हवंच असतं. त्यानं दट्ट्या वर ओढला. वायसर चिरून लोंबत होता, काळा, बुळबुळीत, कडेला केसांची लव अजून दिसत होती. मी पुढं होऊन तो झाकणार, तेवढ्यात मावशीनं बघितला.

"हे चामडं हाय का रे दत्तू?"

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"आरं बोल की! अक्कानं जन्मभर चामड्याचं पाणी शिवलं न्हाई. आणि घरात हे? इतके दिवस तिला हे पाजलंस तू?"

मी उभा होतो. कढईखालचा जाळ तडतडत होता. तेव्हा स्वयंपाकघरातून सुशीला बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते. एवढ्या माणसांत ती कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"न्हाई मावशी. अक्कांनी हे पाणी एक दिवस पण पिलं न्हाई. त्यांना पहिल्या दिवशीच मालूम झालं होतं. त्यांचं पिण्याचं आणि देवाचं पाणी मी झडपेतून शेंदून देत होते. रोज. हे सकाळी किल्ल्याकडं फिरायला गेले की."

मावशीनं दोन्ही हात कपाळाला लावले. "वाचली गं बाई माझी. नेमानं गेली." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी मला म्हणालं, चला, मनाला लावून घेऊ नका, वाईट काही घडलंच नाही. झडपेतल्या एका पोहऱ्यानं एवढ्या माणसांचं भागेना, म्हणून बायका पाण्यासाठी शेजारी गेल्या. मी तिथंच फरशीवर बसलो.

दुपारी पंगती उठल्यावर मी सुशीलेला धान्याच्या खोलीत गाठलं. मला राग आला होता, का ते विचारू नको. मी विचारलं, तिला कसं कळलं?

"कसं म्हणजे? पहिल्या घागरीला वास आला. आणि तुम्ही भिंतीकडं बघून बोलले म्हणे. लहानपणी गूळ खाल्ला तरी असेच भिंतीकडं बघून न्हाई म्हणायचे म्हणे."

"मग बोलली का नाही मला?"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाल्या, त्यानं माझ्यासाठी केलंय, त्याला खाली बघायला लावू नको. रबर आलं की तो आपणहून बदलेल, त्याचा तसा स्वभाव हाय." मग म्हणाली, "मला लई राग यायचा तुमचा. मी हात दुखेपर्यंत शेंदत होते, आणि तुम्ही पंपाकडं बघून खुश."

अक्का, ज्या सुशीलेच्या हातातून तू दोर हिसकून घ्यायचीस, तिच्यापुढं तू रोज एका घागरीसाठी थांबलीस. 'मी अजून जिती हाय' म्हणणारी तू. आणि कशासाठी, तर माझं खोटं माझ्या नजरेस पडू नये म्हणून. मी तुला फसवतोय असं मला वाटत होतं, आणि माझ्याच घरात दोन बायका दोन वर्षं मला सांभाळून घेत होत्या. तुझे उपकार मानावेत की तुझ्यावर ओरडावं? एकदा म्हणायचं होतंस ना. "दत्तू, हे चामडं हाय, काढ." मी काढलं असतं. शपथ, त्याच दिवशी काढलं असतं. तुझा माझ्या स्वभावावर एवढा भरवसा, आणि स्वभाव असा की फुरसत नाही.

दस्तगीर निघताना नळाशी उभा राहून विचारत होता, "क्या डालूँ साब? रबर है मेरे पास अब, अस्सल. चमडा बी है." सुशीला खरकटं काढत होती, तिनं मान वर न करता उत्तर दिलं.

"काय पण घाला चाचा. चामडं न चालणारं आता ह्या घरात कुणी न्हाई."

मी त्याला म्हटलं, आज राहू दे, मी बोलावतो. त्यानं सामान बांधलं. चहा घेतला, घरातल्या कपातून घेतला, सुशीलेनंच दिला. तुला ते आवडलं नसतं आणि तू काही बोललीही नसतीस.

चार दिवस झाले, पंप तसाच उघडा पडलाय. पाणी मी शेंदतो. सुशीलेला हात लावू देत नाही. तिसऱ्या दिवशी माझाही खांदा भरून आला, आणि माझा तर धडधाकट आहे. सुशीला म्हणते, "किती दिवस हे करून राहणार तुम्ही? झालं ते झालं. त्यांचा नेम तर मोडला न्हाई ना?" घागर भरतो, उचलतो, आत नेऊन ठेवतो.

कारण तुझ्या शेवटच्या दिवसांत सुशीला मुरूडला होती. तिची आई आजारी म्हणून ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला. ती परत आली ती तुझी बातमी ऐकून. मधले तीन दिवस घरात तू आणि मी, दोघंच होतो. त्या तीन दिवसांचं ती विचारते, मावशीनं विचारलं, सगळे विचारतात. मी सांगतो, ताप होता, शेवटी गंगेचं पाणी तोंडात घातलं, शांतपणे गेली. हे सगळं खरंच आहे.

पण त्याआधी दोन दिवस तू पाणी घेतलं नाहीस. वैद्यबुवांनी सांगितलेलं, पाणी भरपूर पाजा. मी तांब्या घेऊन यायचो, तू मान फिरवायचीस. "तहान न्हाई रे." ओठ सुकून पांढरे पडले होते. दूध मागायचीस. डाळिंबाचे दाणे मागितलेस, ते चोखलेस. मला वाटलं, आजारी माणसाची लहर. तीन वेळा विचारलंस, "सुशीला कधी येणार?" मी म्हटलं, बोलावून घेऊ का? तर म्हणालीस, "नको नको, तिची आई आजारी हाय." आणि पुन्हा तासाभरानं, "सुशीला कधी येणार रे?" मला आतून बरं वाटलं होतं, की नणंद-भावजयीचा एवढा जीव आहे. शेजारच्या काकूंना घागरभर पाणी मागितलं असतंस तरी त्यांनी आणून दिलं असतं. पण त्यांनी विचारलं असतं, घरात पंप असताना शेंदलेलं कशाला? आणि तुला उत्तर द्यावं लागलं असतं, माझ्यादेखत.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा धीर सुटला. ताजं पाणी हवं म्हणून मी पंपावर गेलो, आधीचं कोमट पाणी सोडून दिलं, गार लागेपर्यंत दांडा मारला आणि तांब्या भरून आणला. तू मान फिरवलीस. मी चिडलो. ज्याच्या-त्याच्यावर चिडायचा माझा स्वभाव तुला ठाऊक, पण तापात पडलेल्या माणसावर चिडू नये एवढंही मला कळलं नाही. मी म्हटलं, "अक्का, सुशीलेच्या हातचं पाणी चालतं आणि माझ्या हातचं चालत नाही का तुला?"

तू माझ्याकडं बघितलंस. खूप वेळ बघितलंस. त्या बघण्यात काय होतं ते मी चार दिवस शोधतोय. मग तू डाव्या हातावर जोर देऊन उठायला लागलीस. मी पाठीला आधार दिला.

"तुझ्या हातचं न चालायला काय झालं?" तू म्हणालीस. "दे."

तांब्या मी धरला होता. तू थांबत थांबत सगळा प्यायलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि आडवी झालीस. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

सगळ्या गणगोताला वाटतं तू नेमानं गेलीस. सुशीलेनं दोन वर्षं राबून तो राखला, तिला काय सांगू? नेम तू मोडलास, माझ्यासाठी मोडलास, आणि मोडताना तांब्यात काय आहे ते तुला माहीत होतं. मला मात्र काही माहीत नव्हतं. मला वाटलं, मी जिंकलो. मी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि तुला रागावलो. "बघ, दोन दिवस उगाच हट्ट केलास."

तू डोळे मिटूनच हसलीस. "हाव रे दत्तू," म्हणालीस, "चुकलंच माझं."